गाडीची शेपटी कुठे आहे? फॅक्टोरिओतील रेल्वेची कोंडी सोडवताना

आपल्या प्रश्नाचा सारांश प्रथम मांडतो, म्हणजे पुढचे विवेचन कशाला धरून आहे ते स्पष्ट राहील. आपण फॅक्टोरिओ या कारखाने आणि रेल्वे उभारण्याच्या संगणकीय खेळाची २.० आवृत्ती खेळत आहात. लोहखनिजाच्या तीन खाणी आहेत, तिन्ही ठिकाणच्या स्टेशनांना एकच नाव दिले आहे आणि प्रत्येकाची मर्यादा, म्हणजे तेथे उभ्या असलेल्या व तिकडे निघालेल्या गाड्यांची कमाल संख्या, २ ठेवली आहे. माल उतरवण्याची दोन स्टेशने असून त्यांची मर्यादा प्रत्येकी ४ आहे. अलीकडे आपण एक इंजिन आणि चार डब्यांच्या गाड्या काढून दोन इंजिने आणि आठ डब्यांच्या गाड्या आणल्या. तेव्हापासून मुख्य जंक्शनवर गाड्या लाल सिग्नलपुढे अडकून राहतात. त्या हाताने सोडवल्यावर काही काळ सर्व सुरळीत चालले, पण चौदावी गाडी वाढवल्यावर सगळ्याच गाड्या ‘डेस्टिनेशन फुल’ असे दाखवून उभ्या राहिल्या. शिवाय तांब्याच्या नव्या खाणीकडे एकेरी मार्ग, म्हणजे जाण्यायेण्यासाठी मिळून एकच रूळ, टाकला आहे, आणि रूळ अखंड दिसत असूनही तिकडच्या दोन्ही गाड्या ‘नो पाथ’ दाखवतात.

आपण हे सारे ‘रेल्वेचा गोंधळ’ या एका नावाखाली लिहिले आहे. माझ्या मते येथे तीन वेगवेगळे दोष आहेत आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. थांबलेली गाडी तीनपैकी एका कारणाने थांबते: तिला वाट सापडत नाही, वाट सापडली पण सिग्नल पुढे जाऊ देत नाही, किंवा जाण्याजोगे ठिकाणच मोकळे नाही. यांपैकी कोणते कारण आहे ते गाडीवर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या खिडकीत लिहिलेले असते. ती ओळ वाचण्याआधी एकही सिग्नल हलवू नये, असे मी अगदी आग्रहाने सांगेन. ‘डेस्टिनेशन फुल’ दाखवणाऱ्या गाडीसाठी जंक्शनची मोडतोड करणारे कितीतरी खेळाडू मी पाहिले आहेत, आणि त्या मोडतोडीतून मूळ दोष न जाता दुसरा नवा दोष मात्र तयार होतो.

तांब्याच्या मार्गापासून सुरुवात करू, कारण ‘नो पाथ’ हा शोधायला सर्वांत सोपा दोष आहे. खेळातील नियम असा आहे की सिग्नल नेहमी गाडीच्या प्रवासाच्या दिशेने पाहता उजव्या हाताला असतो. रुळाच्या एकाच बाजूला सिग्नल असेल तर तो रूळ त्या एकाच दिशेसाठी खुला राहतो. दोन्ही दिशांनी वाहतूक हवी असेल तर दोन सिग्नल अगदी समोरासमोर हवेत. येथेच हमखास चूक होते, आणि ती डोळ्यांना सहज दिसत नाही. समजा पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीसाठी एक सिग्नल लावला आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीसाठी दुसरा लावला, पण दुसरा एका रुळाच्या तुकड्याइतका पुढे गेला. आता पहिल्या सिग्नलपाशी रूळ फक्त पूर्वेकडे खुला आहे आणि दोन पावलांवर, दुसऱ्या सिग्नलपाशी, फक्त पश्चिमेकडे. परिणामी त्या जागेवरून कोणतीही गाडी कोणत्याही दिशेने जाऊ शकत नाही. नकाशावर मात्र रूळ अखंड दिसतात आणि सिग्नलही दोन्ही बाजूंना असल्यासारखे वाटतात. नव्या एकेरी मार्गावर ‘नो पाथ’ दिसताच मी सर्वप्रथम हीच जोडी तपासतो.

त्यानंतर स्टेशनच्या खांबाची बाजू पाहावी. स्टेशनचा खांबही येणाऱ्या गाडीच्या उजव्या हाताला लागतो. तो चुकून डाव्या बाजूला लावला गेला असेल तर खेळाच्या दृष्टीने ते स्टेशन उलट दिशेने येणाऱ्या गाड्यांसाठी आहे. खाणीचा मार्ग पुढे बंद असेल तर आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते: गाडीला एकाच टोकाला इंजिन असेल तर ती मागे फिरू शकत नाही. तिला वळसा घालून परतण्यासाठी लूप हवा, किंवा दुसऱ्या टोकाला उलट तोंडाचे इंजिन हवे. दोन्ही टोकांना इंजिने असलेली गाडीदेखील वाटेत मध्येच दिशा बदलत नाही. ती दिशा बदलते ती फक्त एखाद्या स्टेशनवर थांबून पुढच्या प्रवासाला निघताना. त्यामुळे ‘येथून थोडे पुढे जाऊन मागे येईल’ अशी आखणी केली असेल तर ती मधल्या स्टेशनशिवाय चालणार नाही.

हे सर्व ठीक असूनही वाट सापडत नसेल तर मार्ग अर्ध्याअर्ध्याने तपासावा. गाडीच्या खिडकीतील नकाशावर कंट्रोल दाबून एखाद्या रुळावर क्लिक केले की त्या जागी तात्पुरता थांबा तयार होतो. मार्गाच्या साधारण मध्यावर असा थांबा द्या. गाडी निघाली तर दोष पुढच्या अर्ध्यात आहे, न निघाली तर मागच्या अर्ध्यात. असे चार-पाच वेळा केले की शेकडो चौकटींच्या (चौकट म्हणजे खेळातील लांबीचे एकक) मार्गावरील दोष एखाद-दुसऱ्या वळणापर्यंत येऊन ठेपतो. तेथे बहुधा नीट न जुळलेले वळण, शत्रूकीटकांनी तोडलेला एखादा तुकडा किंवा एकमेकांवरून नुसतेच ओलांडून जाणारे दोन रूळ सापडतात. एकमेकांना छेदणारे रूळ जोडलेले नसतात, हे घाईत लक्षातून जाते.

हा मार्ग सुरू झाल्यावर लगेच दुसरी अडचण येईल, म्हणून तीही सांगून ठेवतो. एकेरी मार्गावर दोन्ही दिशांच्या गाड्या येतात, आणि वेग वाढावा म्हणून अनेक जण मध्येमध्ये साध्या सिग्नलांच्या जोड्या लावतात. असे केल्यास दोन गाड्या दोन टोकांनी आत शिरतात आणि मध्यभागी समोरासमोर उभ्या ठाकतात. त्यातून त्या स्वतःहून कधीच सुटत नाहीत. एकेरी पट्ट्यात एक तर कोणताही सिग्नल नसावा, किंवा असलेले सर्व चेन सिग्नल, म्हणजे त्यापुढचा सिग्नलही पाहून वाट देणारे सिग्नल, असावेत. गाड्या एकमेकींना ओलांडतात त्या लूप लाइनच्या प्रत्येक फाट्याला एकच दिशा ठरवून द्यावी, फाट्यात शिरताना साधा सिग्नल आणि फाट्यातून एकेरी पट्ट्यात निघताना चेन सिग्नल लावावा. मग गाडी पुढच्या लूपमध्ये आपल्या दिशेचा फाटा मोकळा असल्याची खात्री होईपर्यंत एकेरी पट्ट्यात पाऊल टाकत नाही.

आता मुख्य जंक्शनकडे वळतो. आपल्या प्रश्नाचा गाभा हाच आहे, आणि बहुतेक खेळाडू सर्वांत जास्त वेळ येथेच घालवतात.

‘आत शिरताना चेन सिग्नल, बाहेर पडताना साधा सिग्नल’ हे सूत्र आपण पाळले आहे असे आपण लिहिता, आणि त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या सूत्राचा अर्धा भाग बऱ्याचदा सांगितलाच जात नाही. साधा सिग्नल फक्त एवढेच पाहतो की पुढचा ब्लॉक, म्हणजे पुढच्या सिग्नलापर्यंतचा रुळाचा भाग, रिकामा आहे का. चेन सिग्नल त्याच्याही पुढे पाहतो: गाडीच्या वाटेवरचा पुढचा सिग्नल तिला जाऊ देणार आहे का. म्हणजे जंक्शनच्या तोंडाशी असलेला चेन सिग्नल बाहेरच्या साध्या सिग्नलाचा शब्द प्रमाण मानतो. बाहेरचा सिग्नल हिरवा असेल तर तो समजतो की पलीकडे गाडीला जागा आहे. परंतु जागा किती लांब आहे हे दोघेही मोजत नाहीत. ती लांबी पुरेशी ठेवणे हे सर्वस्वी आपले काम आहे.

येथे प्रत्यक्ष मोजमाप करून पाहू. प्रत्येक इंजिन आणि प्रत्येक डबा सहा चौकटी लांब असतो आणि दोहोंमध्ये एका चौकटीचे अंतर राहते. त्यामुळे आपल्या जुन्या गाडीची, म्हणजे एक इंजिन आणि चार डबे मिळून, लांबी ३४ चौकटी होती. नव्या गाडीत एकूण दहा वाहने आहेत, म्हणून तिची लांबी ६९ चौकटी. आपण दोन जंक्शनांमधील अंतर सुमारे ४० चौकटी असल्याचे लिहिले आहे. जुनी गाडी त्या ४० चौकटींत व्यवस्थित मावत होती. नवी गाडी पहिले जंक्शन ओलांडते, पुढच्या जंक्शनपुढे लाल सिग्नल पाहून थांबते, आणि तिच्या २९ चौकटी, म्हणजे मागचे चार डबे, पहिल्या जंक्शनच्या मध्यभागी आडवे पडून राहतात. प्रत्येक सिग्नलाने आपले काम नियमानुसार चोख केलेले असते, तरीही जंक्शन बंद होते. म्हणूनच अडकलेल्या गाडीकडे पाहताना तिचे इंजिन कोणत्या सिग्नलपुढे आहे हे पाहून थांबू नये. तिची शेपटी कुठे आहे, हे पाहावे. कोंडी ज्या चुकीमुळे होते ती बहुतेक वेळा शेपटीपाशीच असते.

माझ्या स्वतःच्या एका कारखान्यात अशी चार जंक्शने चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर होती. मीही गाड्यांची लांबी वाढवली, पण अंतरे तशीच ठेवली. काही तास काहीच झाले नाही, कारण चारही बाजूंवर एकाच वेळी गाडी येण्याचा योग आला नव्हता. मग एकदा तो आला. पहिल्या गाडीची शेपटी दुसरीच्या वाटेत, दुसरीची तिसरीच्या, तिसरीची चौथीच्या आणि चौथीची पुन्हा पहिलीच्या. चारही गाड्यांना इंधन होते, वाट होती, ठिकाणही राखलेले होते, आणि तरी एकही चाक हलत नव्हते. त्या वेळी मी एक गाडी उचलून टाकली, वाहतूक सुरू झाली आणि मी समाधानाने दुसऱ्या कामाला लागलो. काही वेळाने तीच कोंडी पुन्हा झाली. गाडी उचलल्याने लक्षण गेले होते, अंतर तेवढेच राहिले होते. तेव्हापासून मी कोंडी सोडवण्याआधी ती निरखून पाहतो, कारण एकदा गाड्या हलल्या की पुरावा नाहीसा होतो.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे जंक्शने दूर नेणे, जेणेकरून बाहेरच्या साध्या सिग्नलापासून पुढच्या सिग्नलापर्यंत निदान सर्वांत लांब गाडी आणि वर चार-पाच चौकटी एवढी जागा राहील. आपल्या बाबतीत ७४ चौकटी धरल्यास हरकत नाही. दुसरा उपाय स्वस्त आहे: ज्या सिग्नलाच्या पुढे संपूर्ण गाडी मावत नाही, तो प्रत्येक सिग्नल चेन सिग्नल करावा. म्हणजे ४० चौकटींच्या पट्ट्याच्या तोंडाशी असलेला साधा सिग्नल काढून तेथे चेन सिग्नल लावला की दोन्ही जंक्शने मिळून एका जंक्शनासारखी वागू लागतात, आणि दुसऱ्याच्या पलीकडे जागा मिळाल्याशिवाय गाडी पहिल्यात शिरतच नाही. याची किंमत अशी की एका वेळी कमी गाड्या पार होतात. चौदा गाड्यांसाठी ती किंमत मला परवडण्याजोगी वाटते, पण चाळीस गाड्यांचा कारखाना उभा करायचा असेल तर आत्ताच अंतर वाढवणे शहाणपणाचे.

जंक्शनच्या आतले विभाजनही या निमित्ताने तपासून घ्यावे. हातात सिग्नल धरला की रुळांवर ब्लॉक निरनिराळ्या रंगांत दिसू लागतात. रेल्वेचे दोष शोधण्याचे याहून उपयुक्त साधन खेळात दुसरे नाही, असे माझे मत आहे. सिग्नलाच्या दोन्ही बाजूंना एकच रंग दिसत असेल तर तो सिग्नल काहीच वेगळे करत नाही. कुठून तरी आडवाटेने दोन्ही बाजू जोडल्या गेल्या आहेत. दोन समांतर मार्गांना एकच रंग असेल तर ते एखाद्या छेदणाऱ्या रुळामुळे एका ब्लॉकमध्ये गेले आहेत, आणि मग एका मार्गावरची गाडी कारण नसताना दुसऱ्या मार्गाला रोखून धरते. जंक्शनच्या पोटात जितके सिग्नल लावायचे तितके खुशाल लावा, पण ते सर्व चेन सिग्नलच असू द्या. आत एकही साधा सिग्नल राहिला तर गाडीला मधोमध थांबण्याची मुभा मिळते. स्पेस एज विस्तारात मिळणारे उन्नत मार्ग आपल्याकडे असतील तर छेद टाळता येतात, कारण वरून जाणारा रूळ खालच्या ब्लॉकमध्ये मिसळत नाही. वर्तुळाकार जंक्शन मात्र लांब गाड्यांसाठी मी वापरत नाही. तेथे वळणाऱ्या आणि सरळ जाणाऱ्या गाड्या त्याच थोड्या रुळांवर येतात आणि लांब गाडी एकटीच बहुतेक वर्तुळ व्यापून बसते.

गाडी सरळ मार्ग सोडून भलत्याच वाटेने जाते, ही आपली ओघात आलेली तक्रारही जंक्शनशी निगडित आहे. गाडी वाट निवडताना नुसते अंतर मोजत नाही. वाटेत दुसरे स्टेशन लागत असेल तर त्या वाटेच्या हिशेबात २००० चा दंड जोडला जातो, आणि दुसऱ्या गाडीने व्यापलेल्या ब्लॉकबद्दलही भार धरला जातो, मात्र तो ब्लॉक जितका दूर तितका भार हलका. त्यामुळे मुख्य मार्गावर गाडी उभी असेल, विशेषतः मॅन्युअल, म्हणजे हाताने चालवण्याच्या, स्थितीत विसरून सोडलेली असेल, तर बाकीच्या गाड्या लांबचा वळसा पत्करतात. आपल्या दोन गाड्या उतरवण्याच्या स्टेशनातून आरपार जातात याचा अर्थ मुख्य मार्ग त्यांना त्याहूनही महाग पडत होता, किंवा एखाद्या सिग्नलाच्या चुकीमुळे तो त्या दिशेने बंदच होता. जंक्शनची कोंडी सुटल्यावर हे आपोआप थांबण्याची बरीच शक्यता आहे, म्हणून त्यासाठी आत्ता वेगळे काही करू नये.

आता ‘डेस्टिनेशन फुल’. येथे सिग्नलांचा काहीही दोष नाही, दोष बेरजेत आहे. स्टेशनला गाड्यांची मर्यादा घालण्याची सोय २०२० च्या अखेरीस आलेल्या १.१ आवृत्तीपासून आहे, आणि त्या मर्यादेत स्टेशनवर उभ्या असलेल्या गाड्यांबरोबरच तेथे येण्यास निघालेल्या गाड्याही मोजल्या जातात. निघण्यापूर्वीच गाडी पुढच्या ठिकाणी जागा राखून ठेवते, आणि जागा मिळाली तरच सध्याची जागा सोडते. आपल्या तीन खाणींच्या जागा झाल्या सहा, दोन उतरवण्याच्या स्टेशनांच्या आठ, एकूण चौदा. तेरा गाड्या असेपर्यंत एक जागा कायम रिकामी होती, आणि त्या एका जागेच्या आधाराने सगळा कारखाना सरकत होता. चौदावी गाडी आली, तिने ती शेवटची जागा घेतली, आणि आता प्रत्येक गाडी दुसऱ्या कोणी हलण्याची वाट पाहत आहे. भरलेल्या गाडीला उतरवायला जागा नाही, रिकामीला भरायला नाही. गाड्यांची संख्या मर्यादांच्या बेरजेपेक्षा निदान एकने कमी हवी, आणि वाहतूक मोकळेपणाने व्हायची असेल तर दोन-तीनने कमी हवी. आपण दोन गाड्या काढून घ्या, किंवा उतरवण्याच्या ठिकाणी गाड्या उभ्या राहण्यासाठी आणखी फाटे बांधून मर्यादा वाढवा. फाटे न बांधता नुसता आकडा वाढवलात तर ‘डेस्टिनेशन फुल’ जाईल, पण वाढीव गाड्या मुख्य मार्गावर रांग लावतील आणि आपण पुन्हा जंक्शनच्या कोंडीपाशी याल.

हे प्रतीक्षेचे फाटे बांधताना प्रत्येक फाट्यात शिरताना साधा सिग्नल, फाटे जेथे विभागतात त्याच्या आधी चेन सिग्नल आणि प्रत्येक फाट्यातून स्टेशनकडे निघताना पुन्हा चेन सिग्नल ठेवावा. चेन सिग्नलपुढे थांबलेली गाडी ठरावीक काळाने आपली वाट नव्याने शोधते, त्यामुळे एक फाटा भरलेला असला तरी ती दुसरा निवडू शकते. आणि प्रत्येक फाटा अर्थातच ६९ चौकटींहून लांब असावा.

रिकाम्या खाणीकडेही गाड्या जाऊन बसतात, असे आपण शेवटी विचारले आहे. त्यासाठी मर्यादा सर्किटमधून, म्हणजे पेट्या आणि स्टेशन तारांनी जोडून हिशेब करणाऱ्या खेळातील व्यवस्थेतून, ठरवावी. एका डब्यात ४० कप्पे आणि एका कप्प्यात ५० खनिज, म्हणजे डब्याला २०००, आणि आठ डब्यांच्या गाडीला १६,०००. स्टेशनच्या पेट्यांतील एकूण खनिजाला १६,००० ने भागून येणारा आकडा मर्यादा म्हणून द्या. भागाकारातील अपूर्णांक गळून पडतो, म्हणून १५,९९९ खनिज असतानाही मर्यादा शून्यच राहते, आणि तेच आपल्याला हवे आहे. उत्तर दोनपेक्षा मोठे आले तर ते दोनवर रोखण्याची तजवीज करावी, नाहीतर भरलेली खाण एकाच वेळी पाच गाड्या बोलावून घेईल. खनिज कमी झाल्यावर स्टेशनच बंद करण्याची जुनी पद्धत मी सुचवणार नाही. मर्यादा शून्यावर आली तरी आधीच निघालेली गाडी निर्वेधपणे पोहोचते. स्टेशन बंद केले तर मात्र तिचे ठिकाण प्रवासाच्या मध्यावर हिरावले जाते आणि ती नको तेथे थांबू शकते. एक सूचना मात्र ध्यानात ठेवावी: एकूण बेरीज १६,००० झाली तरी एखाद्या डब्यासमोरच्या पेट्या रिकाम्या असू शकतात, आणि मग सात डबे भरलेली गाडी आठव्यासाठी अडून बसते. पेट्या समप्रमाणात भरतील अशी माल वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यांची मांडणी आधी करून घ्यावी.

कामाचा क्रम मी असा ठेवेन. आधी दोन गाड्या मॅन्युअल करून बाजूच्या फाट्यात नेऊन उभ्या करा, म्हणजे बेरजेचा प्रश्न लगेच मिटेल. मग ४० चौकटींच्या पट्ट्याच्या तोंडाचे साधे सिग्नल बदलून चेन सिग्नल लावा, आणि ते बदलून झाल्यानंतरच अडकलेल्या गाड्या हाताने हलवा. तांब्याचा मार्ग सर्वांत शेवटी. सर्व झाल्यावर आठ डब्यांची एक गाडी घेऊन तिला प्रत्येक जंक्शनच्या बाहेरच्या सिग्नलापुढे, पुढच्या सिग्नलाला अगदी लागून, तात्पुरता थांबा देऊन थांबवा आणि मागे जाऊन शेवटचा डबा पाहा. तो जंक्शनच्या ब्लॉकमध्ये एक चौकटभरही उरला असेल आणि बाहेरचा सिग्नल अजून साधाच असेल, तर तो सिग्नल चुकीचा आहे.